पूर्ण एक मिनिट!

नर्स सगळ्यांना दिसते. पण त्या नर्सला घडवणारी मॅडम? ती कुणालाच दिसत नाही. माझ्या गोंदियाच्या ताईनं चांगली नोकरी सोडून नेमकं तेच व्हायचं ठरवलं... आणि तिची समजूत घालायची ड्यूटी घरच्यांनी माझ्यावर टाकली!

रात्रीचे तीन वाजलेले. पुण्यातल्या एका हॉस्पिटलची रूम. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. मी बाजूच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. कारण सोमवारी रिलीज होता आणि 'आईचं ऑपरेशन' ही कन्सेप्ट आमच्या मॅनेजरला फारशी कळत नाही. (तुमच्याकडेही असा एक नमुना असेलच!)

तेवढ्यात सिस्टर आली. फार तर बावीस-तेवीस वर्षांची. बी.पी. घेतलं, मॉनिटरकडे नजर टाकली. आणि मग नुसतीच उभी राहिली. एक डोळा मनगटावरच्या घड्याळावर, दुसरा आईच्या छातीवर. मला वाटलं, नाइट ड्यूटीनं बिचारीची तंद्री लागली.

"काय झालं, सिस्टर?"

तिनं न बोलता हात वर केला. थांबा. मग म्हणाली, "एक मिनिट, दादा. पूर्ण मोजू दे."

मिनिट संपलं. "अठ्ठावीस," ती स्वतःशीच म्हणाली आणि तडक फोनकडे गेली.

मी अडाणी. म्हटलं, "अहो पण ऑक्सिजन पंच्याण्णव दाखवतंय की!" ती म्हणाली, "तो नंतर पडतो, दादा. श्वास आधी बोलतो."

पुढच्या पाऊण तासात दोन डॉक्टर, एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, नवी इंजेक्शनं. इन्फेक्शन अंगात पसरायला लागलं होतं. आई आयसीयूत गेली आणि चौथ्या दिवशी बाहेर आली. "लवकर लक्षात आलं म्हणून निभावलं," डॉक्टर म्हणाले. मोठ्या माणसाचा श्वास आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. वय वर्षं ३१, शिक्षण बी.ई. कॉम्प्युटर. आणि कुणी शिकवलं? एका मुलीनं, जिचा पगार माझ्या ईएमआयएवढा असेल.

डिस्चार्जच्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिला गाठलं. विचारलं, हे सुचलं कसं? ती लाजली. "सुचलं नाही हो. आमच्या मॅडमनी फर्स्ट इयरला घोटून घेतलंय. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, पूर्ण एक मिनिट मोजायचं. मी शॉर्टकट मारला होता, तर तीनदा परत करायला लावलं."

पेढे तिला दिले. त्या मॅडमचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

मंडई, मामाजी आणि मिशन समजूत

आता सीन दुसरा. नोव्हेंबर. गोंदिया जिल्ह्यातलं, आमगाव तालुक्यातलं माझं आजोळ.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. मुंबई-पुण्याच्या मित्रांना मंडई म्हणजे भाजीबाजार वाटतो. आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा, रात्रभराची दंडार, माहेरवाशिणी आणि नातेवाइकांचं फुल्ल गेट-टुगेदर. धान कापून बांध्या मोकळ्या होत असतात, घरात नव्या तांदळाचा वास असतो आणि सगळे एकत्र आले की कुणाच्या ना कुणाच्या आयुष्याचा निकाल लावायचा असतो. यंदा नंबर होता ताईचा.

ताई म्हणजे माझ्या मावशीची मुलगी. वय ३४. आधी जीएनएम, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी., नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात दहा वर्षं स्टाफ नर्स. तिच्या बॅचच्या दोघीतिघी आयर्लंडला सेटल झाल्यात. ताईचेही कागद जवळपास तयार होते. आणि ऐन वेळी बाईसाहेबांनी बॉम्ब टाकला. आयर्लंड कॅन्सल! नागपूरची नोकरी सोडून एम.एस्सी. नर्सिंग करणार, आणि मग इकडेच, गोंदिया जिल्ह्यात, नर्सिंगच्या पोरींना शिकवणार.

घरात भूकंप. मामाजींनी मला ओसरीवर धरलं. "बाबू, तू पुण्याले रायतोस, मोठ्या कंपनीत आहेस. समजाव तिले. विमानात बसाचं सोडून मास्तरीण व्हाले निघाली!"

खरं सांगतो, मी मामाजींच्याच पार्टीत होतो. एक्सेल शीट डोक्यात तयार होती. दोन वर्षं पगार बंद, वर एज्युकेशन लोन, नंतर टीचिंगचा पगार विदेशातल्या पगाराच्या पासंगालाही पुरायचा नाही. भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेत, लेक चौथीत. लॉजिकली तर नोच!

ताई मागच्या अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी माझं प्रेझेंटेशन सुरू केलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला.

"तुझ्या आईचे श्वास मोजणारी पोरगी आभाळातून पडली होती का रे?"

मी गप्प.

"कोणीतरी शिकवलंच असंल ना तिले? मी वॉर्डात राहिली तर एका शिफ्टमध्ये माझे आठ-दहा पेशंट. वर्षाला चाळीस पोरींना नीट शिकवलं तर हिशोब तूच कर. तुमच्या कंपनीत काय म्हणतात त्याले? स्केल!"

आमच्याच भाषेत आमची विकेट!

मॅडमची वही

दुसऱ्या दिवशी ताईनं मला स्कूटीवर बसवलं आणि गोंदियाला नेलं. तिच्या मॅडमकडे. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज असा की मी नकळत सरळ बसलो. "माझं नाव छापू नको बेटा, मी काही मोठं केलं नाही," त्यांनी आधीच बजावलं. म्हणून इथे त्या फक्त 'मॅडम'.

मॅडम शिकल्या तेव्हा गोंदिया जिल्हा अस्तित्वातच नव्हता. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून तो वेगळा निघाला. मॅट्रिकनंतर जनरल नर्सिंग, मग वॉर्डात नोकरी, मग ट्यूटर. नोकरी आणि दोन मुलं सांभाळत पदवी मिळाली अडतिसाव्या वर्षी, एम.एस्सी. चव्वेचाळिसाव्या. "माझ्या पोरानं बारावीचा अभ्यास केला तेव्हा मी त्याच टेबलावर स्टॅटिस्टिक्स करत होती," असं म्हणून त्या हसल्या.

नर्सिंगची मॅडम करते काय? मला वाटायचं, वर्गात नोट्स डिक्टेट करत असेल. तर तसं नाही. सकाळी मुलींबरोबर वॉर्डात उभं राहायचं. इंजेक्शन आधी डमीवर, मग मॅडम बाजूला उभ्या असताना पेशंटला. कुणाचा हात थरथरतो, कुणी हात न धुता पुढे जाते, कुणी तपासलंच नाही तरी चार्टवर आकडा भरते, हे सगळं टिपायचं. त्या शेवटच्या गोष्टीला मॅडमच्या राज्यात माफी नव्हती. "इंजेक्शन चुकलं तर शिकवता येते. खोटा आकडा लिहायची सवय लागली तर ती पोरगी वॉर्डात नको."

मग त्यांनी कपाटातून एक वही काढली. जाड, निळ्या पुठ्ठ्याची, कडा मऊ झालेली.

"आपला पेशंट नुसतं 'दुखते' म्हणून थांबत नाही ना," मॅडम म्हणाल्या. "पुस्तक इंग्रजीत, त्यात लिहिलं पेन. पोरगी वॉर्डात विचारते, दुखतंय का? पेशंट म्हणतो, हाव. झालं. काय कळलं? काहीच नाही!"

वहीत रकाने आखलेले. मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी. आणि खाली वेदनेचे शब्द. ठणकते. कळ येते. चमक निघते. सलते. जळजळते. रग लागली. मुंग्या आल्या. अंग मोडून आलं. हाडं फुटून राहिली. प्रत्येक शब्दासमोर, असं कोण म्हणालं, कुठल्या आजाराचा पेशंट होता, डॉक्टरनं नंतर काय निदान केलं. सगळं बारीक अक्षरात. कित्येक वर्षांचं.

विचार करा ना. आपल्यालाही हे सगळं माहीत असतं, पण आपण कधी लक्ष देतो का? दाढ 'ठणकते', तिला कळ येते असं आपण सहसा म्हणत नाही. कळ पोटात येते, आणि थांबून थांबून येते. चमक कमरेतून निघते ती पायापर्यंत जाते. म्हणजे पेशंटनं नेमका शब्द वापरला की अर्धी माहिती त्या शब्दातच येते. ऐकणारीला तो ओळखता यायला हवा, बस्स.

पुण्याला परतल्यावर मी सवयीप्रमाणे सर्च मारला आणि थक्क झालो. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली हेच केलं होतं. वेदनेसाठी लोक वापरतात ते ७८ इंग्रजी शब्द त्यानं २० गटांत लावले. ती 'मॅकगिल पेन क्वेश्चनेअर' पुढे जगभर वापरली गेली. आणि इकडे गोंदियात, मॅकगिल हा शब्दही न ऐकता, एक ट्यूटर निळ्या वहीत तेच काम करत होती. तिची वही कपाटात राहिली, कारण 'हा रिसर्च आहे' असं तिला कुणी कधी म्हटलंच नाही.

ताईला नेमकं तेच बदलायचंय. आमच्या भागात सिकलसेल बराच आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत, पोटात भयंकर वेदना होतात. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. २०२३ साली केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं, २०४७ पर्यंतचं टार्गेट ठेवलं. तपासण्या वाढल्या, औषधं आहेत. पण रात्री दोन वाजता आश्रमशाळेतलं पोरगं कळवळत हॉस्पिटलात येतं तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. ना जखम, ना प्लास्टर. मग कुणीतरी म्हणतं, "नाटक करून राहिला."

"तो 'हाडं फुटतात' म्हणतो, तेव्हा तो नेमकं काय सांगून राहिला, हे नर्सले कळलं पाहिजे," ताई म्हणाली. "मले थिसिस यावरच करायचा आहे. मॅडमची वही घेऊन."

तिनं अजून एक गोष्ट सांगितली ती मला भारी वाटली. "नर्सिंगचे थिसिस पाह्य कधी. लेक्चर द्यायच्या आधी एक टेस्ट, लेक्चरनंतर एक टेस्ट, आणि निष्कर्ष काय, तर ज्ञान वाढलं! अरे, शिकवल्यावर लगेच विचारलं तर वाढणारच ना. सहा महिन्यांनी रात्रपाळीत त्यातलं काय उरलं, ते मोजायला पाहिजे."

मी टेस्टिंगमध्ये सात वर्षं काढली आहेत. पण इतकं क्लिअर रिक्वायरमेंट मला एकाही क्लायंटनं दिलेलं नाही!

रमाबाईंचा वर्ग

गोंदियाहून पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसनं यायचं म्हणजे दिवस-रात्र डब्यातच संसार. तेवढ्यात वाचायला घेतलं की नर्सिंग 'शिकायची' गोष्ट आहे हे आपल्याकडे मुळात कुणी ठरवलं? आणि गाडी थेट पुण्यातच येऊन थांबली. रमाबाई रानडे!

झी मराठीवर २०१२ मध्ये सुरू झालेली 'उंच माझा झोका' आठवतेय ना? तीच ती रमा. जन्म १८६२, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी लग्न. सासरी आल्यावर नवऱ्यानं शिकवायला घेतलं, घरातल्या बायकांचे टोमणे खात शिकल्या. मालिकेतला हा भाग सगळ्यांना पाठ असतो. पण करिअर म्हणून बघाल तर रमाबाईंची खरी इनिंग पुढे आहे. १९०१ ला रानडे गेले. रमाबाई तेव्हा ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर. विधवेनं कोपऱ्यात बसायचं, असा तो काळ. त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिलं. आणि १९११ मध्ये ससून हॉस्पिटलच्या मदतीनं सेवासदनाच्या मुलींचं नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं.

आज हे वाचताना 'ओके, छान' वाटतं. पण १९११ चं पुणं डोळ्यासमोर आणा. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा. कुठल्याही जातीच्या माणसाचं अंथरूण बदलायचं. रात्री घराबाहेर राहायचं. आणि हे करणार कोण? चांगल्या घरातल्या मुली, त्यातही विधवा! अशा घरांना रमाबाईंनी राजी केलं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. म्हणजे नुसता वर्ग काढून त्या थांबल्या नाहीत. मुलगी राहणार कुठे आणि घरच्यांचा भरवसा बसणार कसा, तेही त्यांनी बघितलं. गंमत म्हणजे त्या स्वतः नर्स नव्हत्या. पण नर्सचं काम म्हणजे 'सेवाभाव असला की जमतं' एवढंच नाही, ते शिकावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्याही आधी, १८९१ साली मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलात काशीबाई गणपत नावाची बाई नर्सिंग शिकायला आली. नर्सिंगच्या पुस्तकांत पहिली भारतीय शिकाऊ नर्स म्हणून तिचं नाव येतं. बाकी तिच्याबद्दल दोन ओळींच्या वर काही मिळत नाही. तिकडे अमेरिकेत १९०७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये मेरी अ‍ॅडलेड नटिंग जगातली पहिली नर्सिंगची प्रोफेसर झाली.

आपल्याकडे विद्यापीठाची पदवी यायला १९४६ उजाडलं. दिल्ली आणि वेल्लोर, दोन्हीकडे त्याच वर्षी बी.एस्सी. सुरू झाली. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. अख्ख्या देशात नर्सेस किती? साधारण ७ हजार. म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक! महाराष्ट्रात एस.एन.डी.टी.चं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग १९६४ साली सुरू झालं. आरोग्य विद्यापीठ नाशिकला आलं १९९८ मध्ये. आणि गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं २०१६ साली. ही रांग लावून बघितली की मॅडमना पदवी अडतिसाव्या वर्षी का मिळाली ते कळतं. त्या उशिरा नव्हत्या. जिना त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचला होता.

डिग्रीनं काय फरक पडतो?

हा प्रश्न मामाजींचाच. "नर्सले एवढं शिकून काय कराचं? सुई टोचता आली म्हणजे झालं!"

मामाजींसाठी मी एक आकडा शोधून काढला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन या स्वतः नर्स. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट मोजली. नर्सचं शिक्षण आणि पेशंटचं जगणं यांचा काही संबंध आहे का? २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांच्या टीमचा अभ्यास आला. युरोपातले ९ देश, ३०० हॉस्पिटलं, ऑपरेशन झालेले ४ लाख २२ हजार ७३० पेशंट. जिथे पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. आणि एका नर्समागे एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी जास्त!

अर्थात, युरोप वेगळा, गोंदिया वेगळं. आणि आपल्या कितीतरी जीएनएम सिस्टर्स अनुभवानं कुणाही पदवीधराला हरवतील. ताई स्वतः जीएनएमच. पण मुद्दा साधा आहे. 'हा श्वास जास्त आहे' हे दिसायला नजर लागते आणि नजर शिकवावी लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला आपण दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतो. पण तिनं सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला हलवलं होतं आणि १८६० मध्ये लंडनला नर्सिंगची शाळा काढली होती. दिवा कॅलेंडरवर आला, वही राहिली मागे. आपल्याकडेही तेच चाललंय. १२ मे ला आपण सिस्टर्सना गुलाब देतो. त्यांना शिकवणाऱ्या मॅडमला काय देतो?

आणि छोट्या जिल्ह्याची गोची अशी की शिकवणारी तयार झाली की निघून जाते. नागपूर, पुणे, मग विदेश. त्यात तिचं काय चुकलं? मी तरी गोंदियात कुठे थांबलो? हा प्रश्न मला त्या गाडीत नागपूर ते भुसावळ छळत होता.

जिना कसा चढायचा?

तुमच्या घरात, ओळखीत कुणी या वाटेवर असेल तर हा शॉर्टकट:

एएनएम: दोन वर्षं. गावपातळीवरचं आरोग्याचं काम इथून सुरू होतं.

जीएनएम: तीन वर्षांचा डिप्लोमा.

बी.एस्सी. नर्सिंग: बारावी सायन्सनंतर चार वर्षं. जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी.

एम.एस्सी. नर्सिंग: दोन वर्षं. मेडिकल-सर्जिकल, कम्युनिटी हेल्थ, बालरोग, प्रसूती-स्त्रीरोग किंवा मानसिक आरोग्य, यातलं एक स्पेशलायझेशन. शिकवायचं असेल तर पुढची दारं इथून उघडतात.

पीएच.डी.: ज्यांना निळी वही कपाटाबाहेर काढायचीय त्यांच्यासाठी!

लक्षात ठेवा, कॉलेज मान्यताप्राप्त आहे की नाही आणि मुलींना प्रॅक्टिसला खरंखुरं, पेशंट असलेलं हॉस्पिटल मिळतं का, हे आधी बघा. २०२३ साली संसदेनं नर्सिंग आणि मिडवायफरी कमिशनचा नवा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. त्यामुळे नियम बदलत राहतील, ताजे नियम बघूनच फॉर्म भरा.

सही

मिशन समजूत फेल गेलं, हे तुम्ही ओळखलंच असेल. म्हणजे, समजूत पटली. पण माझी!

मामाजींना फोन केला. आकडा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. "युरोपाचं मले काय सांगतोस!" मग मी म्हटलं, "मामाजी, त्या रात्री ती पोरगी एक मिनिट उभी नसती राहिली तर तुमची बहीण आज मंडईला नसती." फोनवर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "लोनच्या कागदावर सही कोण करन?"

सहकर्जदार म्हणून सही मी केली. एक्सेल शीट अजूनही 'नो'च म्हणते. भाऊजींना लेकीचं आणि घराचं बघावं लागणार, मावशीला सुनावणारे सुनावतच राहणार, आणि दोन वर्षांनी ताईला गोंदियातच चांगली नोकरी मिळेल याची गॅरंटी कुणी दिलेली नाही. ताईला हे सगळं माहीत आहे. तिनं तरी फॉर्म भरला.

आता तिचं पहिलं वर्ष चालू आहे. एम.एस्सी.च्या मुलींना प्रॅक्टिस म्हणून ज्युनिअर्सचे तास घ्यावे लागतात. मॅडमनी निळी वही तिच्या हवाली केलीय, एका अटीवर: झेरॉक्स काढ, ओरिजिनल परत!

गेल्या आठवड्यात डेली स्टँड-अप मीटिंगच्या मधोमध तिचा मेसेज आला. "आज फर्स्ट इयरच्या पोरींना श्वास मोजायला शिकवलं. एकीनं पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं. परत करायला लावलं."

संध्याकाळी घरी येऊन आईला वाचून दाखवला. आई भाजी चिरता चिरता थांबली.

"कितीदा?"

ताईला विचारलं. उत्तर आलं, "तीनदा."